वांग्यावर आलेलं बालंट

सासूबाई पाचोडहून बजाजनगरला राहायला आल्या आणि त्याच दिवशी आमच्या घरातून वांगं हद्दपार झालं. नवऱ्याच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत बारीक लाल पुरळ उठलं होतं. सासूबाईंनी हात उलटेपालटे करून पाहिले, स्वयंपाकघरात येऊन भाजीची टोपली पाहिली आणि निकाल दिला.

"वांगं हाय हे. वातूळ. खाज सुटंल नाय तर काय व्हईल? आन् तू बी लई प्रेमानं खाऊ घालतीस त्याला."

म्हणजे वांग्याबरोबर मीही आरोपी. पाठोपाठ शेंगदाणे गेले, आंबट गेलं, हिरवी मिरची गेली. ठेच्याशिवाय भाकरी ही आमच्याकडे शिक्षाच. पुरळ एकाला आणि पथ्य सगळ्या घराला.

नवरा वाळूजच्या एका कंपनीत, ठेकेदाराकडून लेथ मशीनवर. लोखंड कापताना वरून दुधासारखं पांढरं तेल-पाणी सारखं पडत असतं. त्याला कूलंट म्हणतात. पूर्ण शिफ्ट हात त्यातच. पुरळ कशानं आलं हे मला दिसत होतं आणि त्यालाही दिसत असणारच. पण वांग्याचं नाव निघालं की हा मान खाली घालून मुगाचं वरण ओरपायचा. चोर सोडून संन्याशाला फाशी चाललेली, आणि साक्षीदार गप्प! मला असा राग यायचा त्याचा.

एका रविवारी जेवताना तो नेहमीसारखा एका बाजूवर कलून बसला होता. मी वरण वाढता वाढता म्हणाले, "अहो, मागचं बी दाखवा की आत्याबाईंना."

त्याला जोराचा ठसका लागला.

"मागचं काय?" सासूबाईंनी विचारलं.

हात पुसायचं तेलकट फडकं पँटच्या मागच्या खिशात कोंबायची या मशीनवाल्यांना सवय असते. दिवसभर ते तिथंच मुरतं. सासूबाई त्याला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. "लाजतूस काय? लहानपणी न्हाऊ कुणी घातलं तुला?" एवढं बाहेर ऐकू आलं. परत आल्या त्या विचारात पडूनच.

"चौकोनी हाय गं. कडा आखल्यावानी."

"तेच म्हणते मी. वांग्याला खिसा कसा सापडला?"

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला, पण हसू आवरेना. मग मीही सुटले. नवरा मात्र हसला नाही.

"हसा. तेल हाय ते, मला काय कळत नाय व्हय? पण तेल म्हणलं की सायेब मशीनवरून काढंल आन् ठेकेदार घरी बसवंल. औंदा पर्मनंटसाठी नाव देतो म्हणलाय सायेब. वांगं सोडता येतंय. मशीन कसं सोडू?"

मला वाईट वाटलं. राग मात्र तसाच राहिला. निदान मला तरी सांगायचं!

सासूबाई इतक्या सहज खटला मागे घेणाऱ्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी दाभण आणि गोधडीचा जाड दोरा काढला आणि त्याच्या कंपनीच्या सगळ्या पँटचे मागचे खिसे गच्च शिवून टाकले.

"फडकं मशीनला टांगत जा. आन् तू आज वांगं कर गं. बघू, तेल खरं का वांगं खरं."

मी भरलं वांगं केलं, शेंगदाण्याचं कूट सढळ हातानं घालून. त्यानंतरही केलं, पुन्हा पुन्हा केलं. आणि चौकोन हळूहळू पुसट होत गेला. मग एक दिवस गेलाच. हातांवरचं पुरळ होतं तसंच होतं.

"गेलं बग! म्या म्हणलं नव्हतं, तेलच हाय म्हणून?" सासूबाई बिनदिक्कत म्हणाल्या. मीही खूश होते, वांगं निर्दोष सुटलं म्हणून आणि मी सुटले म्हणूनही.

तो पलंगाच्या कडेला बसून आपल्या हातांकडे बघत होता.

"ते गेलं नसतं तर बरं झालं असतं," तो म्हणाला. "निदान वांग्यावर तरी ढकलता आलं असतं."

सासूबाई गोधडीला टाके घालत होत्या, दोरा हातातच राहिला. आता काय शिवावं, ते आम्हा दोघींनाही सुचेना.