बहिणीच्या वाटेत न येणारा पेनिसिमानी

देवाच्या कृपेने आजचे भोपळे जहाजात चढले, म्हणून माझ्या दिराविषयी लिहून ठेवते.

पेनिसिमानी आमच्या बेटावर नुकुअलोफातल्या भोपळे परदेशी पाठवणाऱ्या एका छोट्या कचेरीत संगणक सांभाळतो. त्याची थोरली बहीण मेलेआने तिथेच पत्रव्यवहार बघते. आमच्यात भावाने बहिणीच्या चटईवर बसू नये, ती खोलीत आली की उठून जावं. पेनिसिमानी हे इतकं पाळतो की ती दाराबाहेर खोकली तरी हा उभा.

कचेरीत इंटरनेटच्या दोन जोडण्या: एक तारेची, दुसरी छपरावरच्या तबकडीची. मालक म्हणाले, दोन्ही एकत्र कर, सगळ्यांना वाटून मिळू दे. याला घाम फुटला. बहिणीचं आणि आपलं एकाच वाटेने जायचं? त्याने तार बहिणीला दिली, तबकडी स्वतःला घेतली. वर अशी सोय केली की तार बंद पडून ती तबकडीवर आलीच, तर याचा संगणक आपोआप जोडणीबाहेर.

आज डुकराने अंगणातली तार चावून तोडली. मेलेआने तबकडीवर आली, पेनिसिमानीचा संगणक बाहेर पडला. जहाजाचे कागद पाठवायची परवानगी मात्र त्याच्याच संगणकाला. दुपारच्या आत ते गेले नाहीत तर भोपळे धक्क्यावर कुजणार आणि याची नोकरीही जाणार. सोय बदल, म्हणून मालक ओरडले. थोरल्या बहिणीला हाकलू कसा, म्हणत हा आंब्याखाली जाऊन बसला.

मी डबा घेऊन पोचले, तशी मालकांनी मलाच मध्ये घातलं. मेलेआनेने ऐकलं आणि संगणक मिटला.

"मला सांगायला तोंड नव्हतं का कुणाला? आंब्याखाली बसून भोपळे जातात होय!"

पेनिसिमानी आपल्या खोलीत परतला, तरी याचं काही जाईना. तिच्या पिशवीतला फोनही तबकडीवर होता. त्याची काच फुटलेली, बोट लागत नाही, बंद कसा करायचा? आणि तिची पिशवी दुसऱ्या कुणी उचलणं शक्यच नाही. मग तीच पिशवी घेऊन, छत्री उघडून, तबकडीच्या टप्प्याबाहेर जायला निघाली, मी मागोमाग. पेनिसिमानी खिडकीतून माझ्याकडे बघून मान हलवी, नाही, अजून नाही.

"वन्सं, आणखी थोडं पुढे."

असं करत करत आम्ही चर्चच्या फाटकाशी पोचलो तेव्हा कुठे कागद सुटले. भर उन्हात तिला तिथे ताटकळलेली बघून पाद्रीबाबांनी विचारलं, काही अडचण आहे का?

"काही नाही," मेलेआने म्हणाली, "भोपळे जहाजात चढवतेय."