तांब्याचा काळा गाळ
चिंचेने तांब्याचा हंडा घासला की ओल्या तांब्याचा वास बोटांना लागतो आणि मी थेट ऐंशीच्या दशकातल्या अंधेरीच्या त्या कारखान्यात पोचते, जिथे खनिजातून काढलेल्या कच्च्या तांब्याच्या लाद्या ॲसिडच्या टाक्यांत सोडायचे आणि शुद्ध तांबं वेगळं झालं की तळाशी काळा गाळ उरायचा. तो आम्ही बायका हातांनी खरवडायचो. ॲसिडच्या वाफेने नाक इतकं चुरचुरायचं की वाऱ्यावर येणारा आरेच्या गोठ्यांचा वाससुद्धा बरा वाटायचा. बोटांची सालं निघायला लागली तेव्हा मी हातमोजे मागितले. मॅनेजर मेला हसला. म्हणाला, "साधा चिखल आहे गं, त्याला कसले हातमोजे?" त्या साध्या चिखलात चांदी असते, थोडं सोनंही असतं, हे आम्हाला ठाऊक होतं, म्हणून तर सुट्टी झाली की हात फाटकापाशच्या ड्रममध्येच धुवायला लावायचे आणि ते पाणी कुलपात जायचं. त्या संध्याकाळी मी ड्रमला वळसा घातला आणि काळे हात घेऊन सरळ बाहेरच्या नळावर गेले. मॅनेजर धावत आला. "ए, ड्रममध्ये धू ना! वेडी झालीस काय?" मी नळ सोडला. "चिखलच ना, साहेब? मग गटारात गेला तर तुमचं काय बिघडलं?" मागे वळून बघते तर सगळ्या बाया काळ्या हातांनी माझ्यामागे रांगेत उभ्या. दुसऱ्या दिवशी हातमोजे आले. आज हंडा घासून झाल्यावर काळं पाणी मोरीत ओतलं, आणि नळ मुद्दाम जरा मोठाच सोडला.