नॉम पेनची चिंच

सांता क्लारात आमच्या ऑफिसजवळ डोनटचं छोटं दुकान आहे. ते चालवणाऱ्या कंबोडियन बाईंचं नाव मी कधी विचारलं नाही. मनातल्या मनात त्यांना मावशी म्हणतो. डोनट पिशवीत घातला की त्या पिशवीचं तोंड दोनदा दुमडतात आणि बाळाला थोपटावं तशी वरून थाप मारतात.

गेल्या सुट्टीत मी त्यांच्या कंबोडियातल्या नॉम पेनला जाऊन आलो आणि फोनवरचे फोटो त्यांना दाखवले. माझ्या सेल्फींमध्ये त्या मला सोडून मागची माणसंच झूम करून बघत राहिल्या.

"पिवळ्या घुमटाच्या बाजारामागे गेलास का? तिथे आमचं घर होतं. दारात चिंच होती."

मी गेलो नव्हतो. ऊन फार म्हणून बाजार बघायची दुपार हॉटेलच्या पूलमध्ये काढली होती. पण त्यांचा चेहरा बघून तोंडून निघून गेलं, "हो, आहे की! चांगली मोठी झालीय."

त्यांनी फोन माझ्या हातात परत दिला. "चाळीस वर्षांत गेले नाही. काहीच उरलं नसेल, याची भीती वाटायची. आता जाते."

तिकीट काढल्याचं त्यांनी सांगितलं, तेव्हा तरी खरं बोलायला हवं होतं. मी 'हॅपी जर्नी' म्हणालो.

महिन्याने त्या परतल्या. "तू सांगितलंस अगदी तसंच होतं," एवढंच म्हणाल्या आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.

चिंच खरंच होती, की त्यांनी मला सांभाळून घेतलं, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.