महादेवरावांचे रुंद जोडे

नागपूरच्या हुडकेश्वरला आमच्या गल्लीत बातमी अशी होती, की महादेवराव भर दुपारी घरी येऊन जातात. माणसानं स्वतःच्या घरी यावं यात वावगं काहीच नाही. फक्त महादेवरावांना जाऊन तेव्हा दोन वर्षं होत आली होती.

बातमी आणली समोरच्या यमुताईनं. "टक, टक, आन् मंग धप! माह्या कानानं ऐकलं वं. चालून राहिले ते मागच्या खोलीत." बातमी गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत महादेवरावांनी पाणीही मागितलं होतं. मी म्हटलं, एवढा पाहुणा आलाय तर भेटून यावं. हातात वाटी घेतली, विरजणाचं निमित्त केलं आणि निघाले.

भादव्यातलं ऊन होतं. गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. भिंतींच्या सावल्या पायाखाली गेल्या होत्या. दाराशी पोचले तोच आतून आलं, टक. टक. मग थोडा वेळ काहीच नाही. मग धप. खोटं कशाला बोलू, वाटी मी ढालीसारखी छातीशी धरली. तरी दार लोटलं.

मागच्या खोलीत जाड फळीवर भागीरथा उभी होती. पदर खोचलेला, कपाळावर घाम, समोर लोखंडी बार, त्याला दोन्हीकडे प्लेटा. पायात नवऱ्याचे जोडे. लाकडी टाचेचे.

"काय वं, विरजण पाहिजे का भूत?" ती म्हणाली.

"दोन्हीतलं जे आंबट असंन ते दे."

तर महादेवराव नव्हते, महादेवरावांची बायको होती. गल्लीचा हिरमोड झाला असता, म्हणून मी आठ दिवस कोणाला सांगितलं नाही.

भागीरथा डबे करते. सक्करदऱ्याच्या बाजूला शिकायला राहिलेली पोरं तिच्या पोळीवर पास होतात, असं ती स्वतः म्हणते. दुपारचे डबे गेले की संध्याकाळच्या कणकेपर्यंतचा वेळ तिचा. बाई ठेंगणी, आवाज मोठा, आणि पाय असे रुंद, की लग्नात सासूनं पाहून म्हटलं होतं, "पोरगी पोळपाट घेऊनच आली." पण महादेवरावांचे पाय त्याहून रुंद. पत्रिका कोणी जुळवल्या कोण जाणे, पाय मात्र देवानं जुळवले.

महादेवराव व्यायामशाळेतले. तरुणपणी वेटलिफ्टिंग करायचे, पुढे पोरांना शिकवायचे, तेही रात्री उशिरापर्यंत, आणि भागीरथा ताट झाकून बसायची. त्यांच्या पायाला बाजारातला बूट कधी झाला नाही, म्हणून त्यांनी चामड्याचे जोडे बांधून घेतले होते. तळ कडक, टाच लाकडाची आणि उंच. वजन डोक्यावर घेऊन खाली बसायचं तर असाच जोडा लागतो, साध्या बुटाचा तळ वजनाखाली दबतो आणि माणूस डुलतो. ते गेल्यावर त्यांचा चेला प्रशिक, जो आता व्यायामशाळा पाहतो, घरातला जुना बार न्यायला आला. भागीरथा झाडत होती. तिनं बार उचलला, खालचा केर काढला आणि बार परत ठेवला. प्रशिक तोंड उघडं टाकून उभा राहिला. बारला दोन्हीकडे एकेक प्लेट चढवलेली होती, तरी तिला ते जाणवलं नव्हतं. बार मग तिथंच राहिला आणि प्रशिक तिला शिकवू लागला.

आता वेटलिफ्टिंगची प्रौढ बायांची राज्य स्पर्धा नागपुरातच होती आणि प्रशिकनं तिचं नाव दिलं होतं. "तिथं मोठ्या बोर्डावर नाव येते वं," ती मला म्हणाली. "नावासमोर वजन. माहं नाव आजवर डब्याच्या झाकणावरही नाही." एवढंच तिला पाहिजे होतं. पण अनवाणी उतरता येत नाही, असा स्पर्धेचा नियम.

"मंग हे आहेत न जोडे," मी म्हटलं.

तिनं जोडे काढले, समोरच्या खोलीत भिंतीशी ठेवले, चहा टाकला. आम्ही दोघी पलंगावर बसून चहा घेत होतो. जोडे डोळ्यांसमोर होते. घरात तिसरं माणूस नव्हतं.

मागच्या खोलीतून आवाज आला. टक.

"उंदीर असंन," मी म्हटलं. माझा आवाज मलाच दुसऱ्या कोणाचा वाटला.

"उंदराले लाकडाची टाच नसते," भागीरथा म्हणाली आणि बशीत चहा ओतला. "रोज येतात. मी थांबली का ते सुरू होतात."

मग तिनं सांगितलं ते असं. तेराव्याला गुरुजींना जोडा द्यायचा असतो. गेलेल्या माणसाला तापल्या वाळूतून चालावं लागतं म्हणतात, त्याच्या पायाला तो जोडा मिळतो. दिरानं घाईत दुकानातून दानाचा तयार संच आणला. त्यात छत्री होती, तांब्या होता आणि एक बारीक, निमुळती चप्पल होती. गुरुजींचे पाय काडीसारखे. त्यांनी ती घातली आणि फिट बसली म्हणून खूशही झाले. चप्पल फटफट वाजत गेटाबाहेर गेली, तेव्हा भागीरथाची नजर तिच्या निमुळत्या तळावरच होती.

"त्याइच्या पायाचं एक बोटही नसतं गेलं त्यात. म्हंजे तेव्हापासून अनवाणीच हिंडून राहिले न? म्हून हे जोडे मांगाले येतात." तिनं जोडा उचलून माझ्यासमोर धरला. आत तळाला त्यांच्या पायाचे खड्डे पडलेले. टाचेचा, चवड्याचा, अंगठ्याचा. "माहा अंगठा बरोबर त्याइच्या अंगठ्याच्या खड्ड्यात बसते. गार लागते वं. उन्हाळ्यातही गार लागते."

मी हात लावला नाही. थट्टा करायला तोंड उघडलं होतं, ते चहानंच बंद केलं.

गुरुजींना विचारून तिनं ठरवलं होतं, की यंदा पितृपक्षात महादेवरावांचा घास टाकायचा त्या दिवशी हेच जोडे दान द्यायचे. ती तिथी गुरुवारी येत होती. स्पर्धा रविवारी. तेव्हा गुरुवारच्या आत भागीरथाला स्वतःचे जोडे पाहिजे होते. घरात, भिंतीआड मेलेल्याचे जोडे चालून गेले. चारचौघांत कसे घालायचे?

शोधाला मी सोबत होते. अशी करमणूक फुकट कुठं मिळते? सदरच्या मोठ्या दुकानात पोरानं आधी तिच्या पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मॅडम, लेडीजमध्ये एवढा चौडा पाय कंपनी बनवतच नाही."

"मंग कंपनीनं बाया पाहिल्या नाहीत," भागीरथा म्हणाली.

मर्दानी बूट काढले. रुंदीला बसले, लांबीला होडी. चालली की टाच मागं राहायची. बाहेरदेशी रुंद पायांसाठी वेगळे बूट निघतात म्हणे, पोरानं मोबाईलवर दाखवले. किंमत पाहून भागीरथानं मोबाईल त्याच्या हातात असा ठेवला, जणू तो गरम होता. "एवढ्यात तर हाटेलातली मोठी शेगडी येते." ऑनलाईन एक स्वस्त जोडी मागवली, ती आली, करंगळी आत जाईना. रेटून घातली, तर काढायला आम्ही दोघी लागलो. बर्डीच्या फुटपाथवरून कॅनव्हासचे बूट घेतले आणि कोपऱ्यावरच्या मोच्याकडून त्याला लाकडाची टाच मारून घेतली. बुधवारी दुपारी ती ते घालून वजनाखाली बसली. एका पायाची टाच उखडून भिंतीवर आपटली, भागीरथा बारसकट बाजूला कोसळली. गुडघा खरचटला, एवढ्यावर भागलं.

प्रशिक धावत आला. "काकू, काकांचेच घाला न. रविवारी काय होते? एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

"मेलेल्याचे जोडे चौघांत घालत नसतात, बाबू. आन् उद्या ते दानात जाणार आहेत."

"मंग नाव काढून घेऊ का?"

ती गुडघ्यावर हळद दाबत बसली. प्रशिक गेल्यावरही तशीच. मला वाटलं, आता आतून टक येईल. त्या दुपारी काहीच आलं नाही, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली. जणू कोणी दाराआड उभं राहून ऐकत होतं.

गुरुवारी वडे, खीर, अळूची भाजी. गुरुजी वेळेवर आले. यमुताई कावळ्यावर नजर ठेवून अंगणात उभी, काहीतरी अडेल या आशेनं. कावळा आला, वडा उचलला, गेला. त्याला जोड्यांशी काही घेणंदेणं नव्हतं. जोडे उंबऱ्याशी वर्तमानपत्रावर मांडलेले होते, पॉलिश करून, नाड्या बांधून. मी यमुताईच्या कानात म्हटलं, गुरुजी एकेका जोड्यात दोन-दोन पाय घालतील.

गुरुजींचं जेवण झालं. त्यांनी हात धुतले, पाण्याची पळी उचलली, म्हणाले, "आणा जोडे."

भागीरथा उठली. जोडे उचलले. दोन्ही हातांत धरून उभी राहिली. मागच्या खोलीचं दार उघडं होतं आणि आम्ही सगळे तिकडेच पाहत होतो, गुरुजीसुद्धा. टक नाही, काही नाही. नुसतं ऊन त्या फळीवर पडलेलं. इतकी शांतता, की महादेवराव असतील तर श्वास धरून असतील.

ती उंबऱ्यावर बसली. नाड्या सोडल्या. आमच्या देखत उजवा पाय घातला, मग डावा. अंगठा आत टेकला तेव्हा तिच्या दंडावर काटा आला, तो मी पाहिला. मग तिनं नाड्या घट्ट आवळल्या.

"गुरुजी, सोमवारी या," ती म्हणाली. "जोडे सोमवारी देतो."

यमुताईनं तोंडाला पदर लावला. गुरुजी पळी धरून तसेच. कोणीतरी बोलायला पाहिजे होतं, आणि ते काम गल्लीत माझंच.

"भागीरथा, हे काय वं? तिकडं तापल्या वाळूत तुहा नवरा अनवाणी हिंडून राहिला, आन् तू इकडं त्याचे जोडे घालून बसली!"

ती उभी राहिली. फळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हिंडू दे वं अजून चार दिवस. मी जनमभर त्याइची वाट पाहिली, त्याइनं माही रविवारपर्यंत पाहावी."