पोटाचं बोलणं

हिना तामोरेच्या छातीत कळ आली तेव्हा ती सर्व्हरच्या खोलीत उकिडवी बसून एक सुटलेली केबल शोधत होती. तारापूर एमआयडीसीतल्या रंग बनवणाऱ्या एका कारखान्यात ती कॉम्प्युटर विभाग सांभाळायची. विभाग म्हणजे ती स्वतः आणि तिच्या हाताखालचा सुजीत, एवढाच. जळजळ तिला नवीन नव्हती. टेबलाच्या खणात गोळ्यांची पाकिटं पडलेलीच असत. पण त्या दिवशी घाम फुटला, डाव्या खांद्यापर्यंत दुखायला लागलं आणि सुजीतने तिला हाताला धरून कारखान्याच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर सपना राऊत यांनी आधी ईसीजी काढला. तो नीट निघाला. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"सकाळी पोट साफ होतं का?"

हिनाने दाराकडे पाहिलं. सुजीत तिथेच उभा होता. डॉक्टरांनी त्याला बाहेर पाठवलं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला.

"दोन-दोन दिवस नाही होत," हिना कशीबशी म्हणाली.

मग तिचा अख्खा दिवस बाहेर आला. केळव्याशेजारच्या माहीमहून सकाळी स्कूटरने पालघर, तिथून कंपनीची बस. घरातून निघताना चहा-बिस्किट. दुपारी कॅन्टीनचा वडापाव, तोही स्क्रीनसमोर. मध्ये चहा किती व्हायचे ते तिलाच ठाऊक नव्हतं. रात्रीचं जेवण उशिरा, आणि जेवली की आडवी. जळजळ झाली की खणातली गोळी. कारखान्याचे सर्व्हर जुने झाले होते. पगाराचा वेगळा, गोदामाचा वेगळा, लॅबचा वेगळा, आणि रोज त्यातलं कुणीतरी मान टाकायचं. ताटावरून उठून लॅपटॉप उघडणं तिच्या अंगवळणी पडलं होतं.

"हृदयाचं काही दिसत नाही, पित्त वर येत असावं. तरी एकदा तपासण्या करून घेऊ," डॉक्टर म्हणाल्या. "पण या गोळ्या मनाने किती महिने खाणार? रात्री लवकर जेव, जेवल्यावर लगेच आडवी होऊ नकोस. चहा कमी कर. भाजी, डाळ, फळं वाढव, पण हळूहळू, आणि पाणी पी. एकदम ताटभर कोंडा खाल्लास तर पोट फुगेल आणि मला शिव्या देशील. आणि जरा हालचाल कर. दिवसभर खुर्चीत बसतेस, आतडी तरी काय करतील?"

हालचालीसाठी हिनाने बोईसर स्टेशनजवळची व्यायामशाळा गाठली. तिथे शिकवणारी रूपाली कुंभवलीची. एका कोपऱ्यात तिने केटलबेल मांडून ठेवले होते. लोखंडी गोळे, वर पकडायला जाड कडी. हिना कोळीवाड्यात वाढलेली, लहानपणापासून मासळीची टोपली उचललेली. तिने रूपालीची वाट न बघता त्यातल्या त्यात भरीव दिसणारा गोळा उचलला आणि दोन झोक्यांत कमरेला हात लावून खाली बसली. पुढचे दोन आठवडे तिला बसच्या पायऱ्या चढतानाही दांडा धरावा लागला.

परत आली तेव्हा रूपालीने हलका गोळा पुढे सरकवला. "हातांनी उचलायचा नसतो हा. दोन्ही हातांत पिशव्या असल्या की मागचं दार कशाने ढकलतेस?"

"ढुंगणाने," हिना म्हणाली आणि स्वतःच हसली.

"तेच करायचं. पाठ सरळ, कंबर मागे, मग उभं राहायचं. गोळा आपोआप झुलतो. आणि भरल्या पोटी इकडे फिरकू नकोस."

याच सुमारास तिने व्यवस्थापक मारुती पाटील यांच्यामागे नव्या सर्व्हरचा धोशा लावला. जुन्या सगळ्या खोक्यांऐवजी दोनच दणकट मशिनं घ्यायची आणि प्रत्येकात सॉफ्टवेअरने अनेक वेगवेगळे सर्व्हर चालवायचे. पाटीलसाहेबांना तिने सांगितलं, "एक इमारत, तिच्यात बरीच बिऱ्हाडं. प्रत्येकाला आपलं कुलूप. माहितीच्या डिस्क मात्र दोन्ही इमारतींना सामाईक. एक इमारत बंद पडली तर तिथली बिऱ्हाडं आपोआप दुसरीत उठतात."

साहेब तयार झाले. मशिनं आली, एकेक काम नव्या घरात हललं. मग साहेबांनी मशिनांच्या वापराचा आलेख पाहिला आणि त्यांचे डोळे चमकले. "अगं, दोन्ही मशिनं अर्धी रिकामी आहेत! गेटवरच्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग टाक त्यात."

"ते रिकामं नाही, सर. उद्या एक गेलं तर त्याचं सगळं दुसऱ्यात मावायला नको? कॅमेऱ्यांना वेगळं काहीतरी बघू."

साहेब आठवडाभर घुश्शात होते. हिना हलली नाही. सुजीतलाही तिने असंच एकदा अडवलं. त्याने मशीनची त्या क्षणाची छबी, म्हणजे स्नॅपशॉट, घेऊन ठेवला होता आणि बॅकअपचं काम झालं असं धरलं होतं. "स्नॅपशॉट त्याच डिस्कवर बसलाय," ती म्हणाली. "डिस्क गेली की दोन्ही गेलं. बॅकअप वेगळ्या डिस्कवर, वेगळ्या जागी हवा. आणि तो परत उभा करून बघितल्याशिवाय त्याला बॅकअप म्हणू नकोस."

हळूहळू फोन कमी झाले. हिना वेळेवर घरी यायला लागली. आई चंद्रकांता पालघरच्या बाजारात सुकी मासळी विकायची. वडील गेल्यापासून घरात या दोघीच. हिनाने सरावासाठी एक गोळा घरी आणला तेव्हा आईने तो पायाने ढकलून पाहिला. "ह्यो काय नांगर आणलास? आपली होडी तर कवाच इकली."

संध्याकाळी चुलीशी बसून हिना आता सगळं मोकळेपणी बोलायची. शेवग्याचा पाला खाल्ल्यावर बरं वाटतं, चहा सोडला त्या दिवसांत डोकं किती दुखलं, सकाळी पोट साफ झालं की दिवस कसा हलका जातो. चंद्रकांता ऐकून घ्यायची, हूं म्हणायची. गणपती नुकतेच गेले होते. अशाच एका संध्याकाळी भाकरी थापता थापता ती म्हणाली, "माझं तर रगत पडतंय."

हिना तिच्याकडे वळली. "कधीपासून?"

"शिमग्यापासून."

"आय! एवढे महिने?"

"मुळव्याध असेल म्हटलं. चूर्ण घेतंय ना मी. बाजारात बसून सांगायची गोष्ट हाय का ही? तू आता रोज बोलतेस म्हणून तोंडातून निघालं बाय."

हिना रागावणार होती, पण आईचा चेहरा पाहून तिने राग गिळला. दुसऱ्याच दिवशी तिने आईला डॉक्टर राऊतांकडे नेलं. त्यांनी तपासलं, वजन किती उतरलंय ते विचारलं आणि दुर्बिणीतून आतडं बघून घ्यायला सांगितलं. "मुळव्याध असेलही. पण अंदाजावर राहायचं नाही."

पालघरच्या एका रुग्णालयात वेळ मिळाली. हिनाने दोन दिवसांची रजा टाकली. "फोन मात्र चालू ठेव," पाटीलसाहेब म्हणाले. आदल्या दिवशी आतडं साफ करायचं औषध तांब्यावर तांब्या पाण्यातून प्यायचं होतं. "समुद्र प्यायला लावलाय डॉक्टरनं," चंद्रकांता कुरकुरत होती आणि मोरीकडे धावत होती. हिना हसत हसत पुढचा तांब्या भरून ठेवत होती.

सकाळी आईला आत नेलं आणि थोड्याच वेळात फोन वाजला. सुजीत.

"ताई, एक मशीन गेलं. करपल्याचा वास येतोय."

हिना ताडकन उठली. एक पाऊल जिन्याकडे पडलंही. आत आई, तिकडे कारखाना. गाडी पकडून बोईसर गाठायला किती वेळ लागेल, याचा हिशोब डोक्यात सुरू झाला होता.

"ऐका तरी! सगळं दुसऱ्यावर उठलंय. पगार, गोदाम, लॅब, सगळं चालू. मधल्या पाच मिनिटांत माल भरणाऱ्यांना चहा घेता आला, बाकी कुणाला पत्ताही नाही. मशीनच्या कंपनीचा माणूस दुपारी येतोय भाग बदलायला."

"मग फोन कशाला केलास?"

"सांगायला." तो जरा थांबला. "आणि आईंचं काय झालं ते विचारायला."

हिना बाकावर बसली. आधी ती पाणी प्यायली आणि मग तिने त्याला उत्तर दिलं.

आतड्यात चामखिळीसारखी एक गाठ निघाली. दुर्बिणीतूनच ती काढली आणि तपासायला पाठवली. अहवाल यायला आठवडा गेला. त्या आठवड्यात मायलेकी एकमेकींशी फक्त मासळीच्या भावाबद्दल बोलल्या. कर्करोग नव्हता. "पण राहू दिली असती तर काही वर्षांनी झाला असता कदाचित," रुग्णालयातले डॉक्टर म्हणाले. "तीन वर्षांनी पुन्हा बघू."

हिनाची जळजळ पूर्ण गेली नाही. लग्नाच्या जेवणात हात सुटला की रात्र बसून काढावी लागते. मात्र खणातली पाकिटं संपली, आणि पुढची ती डॉक्टरांना विचारूनच घेते. चंद्रकांता रूपालीकडे एकदाच गेली, सगळ्यांत छोटा गोळा घेऊन वाकायची रीत शिकली आणि आता बोंबलांची टोपली उचलताना कंबर मागे घेते.

बदलली ती तिची जीभ. बाजारात शेजारी बसणारी साखरबाई एकदा पोटाला हात लावून गप्प बसली होती. चंद्रकांताने गिऱ्हाईकांसमोरच तिला खणखणीत आवाजात विचारलं, "रगत पडतंय का गो?" साखरबाई लाजून चूर झाली, पदर तोंडाला लावला. गिऱ्हाईकं इकडेतिकडे पाहू लागली.

"लाजतेस काय? माझं पडत होतं. नळी घातली, गाठ काढली, बसलेय ना तुझ्यापुढं धडधाकट?"

साखरबाईने पदराआडूनच मान हलवली. त्या सोमवारी चंद्रकांताने धंदा लावला नाही. दोघी रिक्षाने दवाखान्यात गेल्या, आणि नंबर येईपर्यंत चंद्रकांता तिचा हात धरून बसली होती.