आत्याची खुर्ची

माझी आत्या ठार बहिरी आहे, हे आमच्या गल्लीत लहान पोरालाही ठाऊक आहे. पाववाला तिला बोटांनी भाव सांगतो. समोरच्या आजी तिच्याशी बोलताना तोंड एवढं वासतात की कवळी खाली येते. नवीन भाडेकरू आले की त्यांना आधी पाणी यायची वेळ सांगतात आणि मग आत्याच्या कानांची हकिकत.

सगळं खोटं. तिसऱ्या घरात दूध उतू जायला लागलं की आत्या इथून सांगते. परवा पाववाला त्याच्या पोऱ्याला हळूच म्हणाला, "बहिऱ्या बाईंना कालचा पाव दे, त्यांना काय कळतंय." बहिरेपणाचा आणि शिळ्या पावाचा काय संबंध, ते त्यालाच माहीत. आत्या तेव्हा रस्त्याच्या पलीकडे होती. "कालचा तुझ्या सासूला दे," ती म्हणाली, "मला आजचा." नुसती म्हणाली हं, ओरडली नाही. तरी दोन सायकलवाले खाली उतरले आणि कुणाचं तरी बाळ जागं झालं.

लोकांचा समज असा, की बाई एवढ्या मोठ्यांदा बोलते म्हणजे तिचं तिलाच ऐकू येत नसणार. खरं कारण म्हणजे पत्रा.

माझे आजोबा पत्र्याच्या ट्रंका बनवायचे. खोली एकच. पुढे ऐरण, मागे चूल, मध्ये साधा पडदाही नाही. डोळा उघडला की ठण, मिटेपर्यंत ठण. त्या घरात "आई, भूक लागली" एवढं सांगायचं तरी हातोड्याच्या वरताण आवाज काढावा लागे. आत्याचे बोबडे बोलसुद्धा म्हणे गल्लीच्या टोकाला कळायचे.

माझे बाबा तिचे सख्खे धाकटे भाऊ, हे शपथेवर सांगितलं तरी लोकांना पटत नाही. बाबा बोलायला लागले की समोरचा माणूस कमरेत वाकतो आणि कान पुढे करतो. झालं असं, की घरात खाणारी तोंडं फार झाली, तेव्हा पाच वर्षांच्या बाबांना त्यांच्या मामांकडे नेऊन ठेवलं. मामा घड्याळं दुरुस्त करायचे, त्यांना मूलबाळ नव्हतं. टेबलावर डासाच्या पायाएवढ्या स्प्रिंगा मांडलेल्या असायच्या, त्यामुळे शिंक आली तरी अंगणात पळावं लागायचं. बाबा तिथे कुजबुजायला शिकले आणि अजून कुजबुजतातच.

पुढे बाबांचे मास्तर म्हणाले, किती शांत, किती वळण लावलेलं मूल. आत्याला तिच्या बाईंनी आधी मागच्या बाकावर बसवलं, मग खिडकीशी, मग खिडकीच्या बाहेर. ती बिचारी धडाच वाचत होती. मग तिने शाळा सोडली आणि आजोबांसाठी पत्रा धरायला उभी राहिली. बाबा मुलाखतीला गेले तेव्हा साहेबांना प्रत्येक उत्तराला "काय म्हणालात?" विचारावं लागलं, आणि साहेबांनी ठरवलं, मुलगा नम्र आहे. नोकरी, टेबल, खुर्ची. आत्या कापडाच्या दुकानात लागली. "ताई, हा रंग तुम्हाला फार शोभेल," असं तिने एका गिऱ्हाइकाला इतक्या मायेने सांगितलं, की त्या बाई रडकुंडीला येऊन मालकाकडे गेल्या. दवाखान्यात लागली, तर तिथे उतरलेले ताप परत चढायला लागले. शेवटी एका मोठ्या लाँड्रीत तिचं जमलं. यंत्रांचा गडगडाट असा की तिथे आत्या मितभाषी वाटायची. तिथे ती जी उभी राहिली ती उभीच. मी जन्मले, रांगले, दहावीत गेले, आत्या आपली उभी.

मला नकला येतात. बाबांची करायची तर लोकांना जवळ बोलवावं लागतं, आत्याची करायची तर लांब पाठवावं लागतं. एकदा तिला विचारलं, एकाच आईची दोन पोरं अशी कशी निघाली?

"तो इथे राहिला असता तर तोही बोंबलला असता," आत्या म्हणाली. "आणि मामाने मला नेलं असतं तर मी साहेबीण झाले असते. मग तू नकला कुणाच्या केल्या असत्यास, पोपटा?"

गेल्या वर्षी तिचे गुडघे कुरकुरायला लागले. डॉक्टर म्हणाले, बसून करायचं काम बघा. एक दिवस जेवताना बाबा काहीतरी पुटपुटले.

"काय?" आई, आत्या आणि मी, तिघींनी विचारलं.

"वाचनालयात जागा आहे, ताई. दाराशी बसायचं. पिशव्या ठेवून घ्यायच्या, कुणी बडबडलं तर गप्प करायचं. महिनाभर बघतील, मग कायम करतील."

"बसायला काय देतात?"

"खुर्ची."

"पाठीची?"

"पाठीची. हातसुद्धा आहेत."

आत्याचा घास हातातच राहिला. मला मात्र हसता हसता ठसका लागला. "आत्या वाचनालयात? पुस्तकं आपणहून कपाटातून उड्या मारतील."

"लावतेस पैज?"

"लावते. आठवड्याच्या आत घरी येशील."

"कायम झाले तर एक अख्खा दिवस तू तोंड उघडायचं नाहीस. शब्द नाही, नक्कल नाही."

"आणि हरलीस तर?"

"तर मी परत लाँड्रीत," आत्या म्हणाली. "आणखी काय हवंय तुला?"

बाबांनी साक्षीदार व्हायचं कबूल केलं. म्हणजे तसं काहीसं ऐकू आलं.

पैज तिच्या विरुद्ध लावली, तरी तिला कुजबुजायला मीच शिकवलं. "नुसती हवा सोड, आवाज नको." आत्याने छाती भरून हवा घेतली आणि सोडली: "पिशवी इथे ठेवा."

"कुठली पिशवी?" भिंतीपलीकडून शेजारच्या काकूंनी विचारलं.

पहिल्या दिवशी मी अभ्यासाचं निमित्त काढून वाचनालयात जाऊन बसले. ग्रंथपाल बाई काडीसारख्या, बोलणं सगळं भुवयांनी. एक भुवई वर म्हणजे शांत राहा, दोन्ही वर म्हणजे चालते व्हा. आत्या ओठ घट्ट मिटून खुर्चीत बसली होती, हात खुर्चीच्या हातांवर, अगदी राणीसारखी. दुपारी एका गृहस्थांनी टेबलावर डबा उघडला. आत्या कुजबुजली, "भाऊ, खाणं बाहेर."

अख्खी खोली उठून उभी राहिली. डबा नसलेलेही दोघं बाहेर गेले.

ग्रंथपाल बाईंच्या दोन्ही भुवया वर गेल्या. "उद्याचा एक दिवस बघू," त्या म्हणाल्या.

त्या संध्याकाळी आत्या बोललीच नाही. घर कसं बंद पडलेल्या घड्याळासारखं वाटायला लागलं. मग बऱ्याच वेळाने म्हणाली, "खुर्ची बरी होती गं. मला गुडघे आहेत हेच विसरले होते." मला पैज जिंकायची होती, पण अशी नको होती.

दुसऱ्या दिवशी वाचनालयाच्या भिंतीबाहेर रस्ता फोडायचं यंत्र सुरू झालं. खिडक्यांच्या काचा थरथरायला लागल्या. एका मुलाने येऊन आत्याला काहीतरी विचारलं, त्याचे नुसते ओठ हलले. आणि आत्याचे हात उठले.

हे मी कधी पाहिलंच नव्हतं, कारण आमच्या घरात ऐरण नाही. त्या जुन्या खोलीत दोन हातोडे एकदम चालायचे तेव्हा ओरडूनही भागायचं नाही, मग सगळं घर हातांनी बोलायचं. आजी चुलीपासून, आजोबा ऐरणीपासून, आत्या पत्र्याच्या दुसऱ्या टोकापासून. आत्याने त्या मुलाला दाखवलं: पिशवी इथे, पुस्तक पलीकडच्या कपाटात, खालच्या कप्प्यात. तो सरळ गेला आणि पुस्तक घेऊन आला. कालच्या गृहस्थांनी पुन्हा डबा काढला. आत्याने बसल्या जागेवरून हवेतल्या हवेत ट्रंकेचं झाकण लावलं. त्यांनी डब्याचं लावलं. कोपऱ्यात दोन मैत्रिणी खिदळत होत्या, त्यांच्याकडे बघून तिने दोन बोटांची कात्री केली, पत्रा कापतात तशी, कच्. दोघी गप्प.

दुपारी यंत्र थांबलं. आत्याचे हात थांबले नाहीत. ग्रंथपाल बाईंची एक भुवई वर गेली आणि संध्याकाळपर्यंत तिथेच राहिली. पुढच्या काही दिवसांत वाचायला येणारेही कात्र्या करायला लागले. एकदा तर खुद्द ग्रंथपाल बाईंनी केली, फोनवर बोलणाऱ्या एका साहेबांकडे बघून.

महिना संपला त्या दिवशी बाबा ऑफिसातून परस्पर आत्याला न्यायला आले. ते दारात दिसताच आत्याने सवयीने मूठ दोनदा छातीवर टेकवली आणि बाहेर बोट दाखवलं. जेवायला चल. बाबांनी तळहात पोटावर ठेवला आणि हलवला. अजून भूक नाही.

पाचव्या वर्षी ती खोली सुटलेला माणूस.

"तुला आठवतंय?" आत्या म्हणाली. कुजबुजली नाही. तिच्या आवाजात म्हणाली, भर वाचनालयात.

अख्खी खोली उठून उभी राहिली. ग्रंथपाल बाई कपाटामागून आल्या. आत्याचा चेहरा पडला, तिने खुर्चीचा हात घट्ट धरला. बाईंनी तिच्याकडे बघितलं, डोळे पुसणाऱ्या बाबांकडे बघितलं, मग दोन बोटं पुढे केली. कच्.

"उद्या वेळेवर या," त्या हळूच म्हणाल्या. "कायमच्या."

पैजेचा दिवस रविवारी ठरला. सकाळपासून मी गप्प. दुपारी चहाची तल्लफ आली, म्हणून आत्याच्या हातांची नक्कल करून बघितली. मूठ अशी, बोटं अशी.

आत्या बाबांकडे वळली. "पोरगी म्हणतेय, पत्रा गंजलाय."

बाबा हसले. मोठ्यांदा. मी त्यांचं हसू जन्मात पहिल्यांदा ऐकलं, आणि ते हुबेहूब आत्याचं होतं, खिडक्या वाजवणारं.

"काय झालं हो?" भिंतीपलीकडून काकूंनी विचारलं.

माझ्याकडे उत्तर तयार होतं, आत्याच्या आवाजात, बाबांच्या आवाजात आणि काकूंच्यासुद्धा. मी तोंड उघडलं.

आत्याने दोन बोटं पुढे केली.