बडग्याच्या अंगातला शर्ट

कोकिळाबाईला हल्ली सगळ्याचीच शिसारी आली होती. टीव्हीवर दोन देशांचे मंत्री हात मिळवून हसताना दिसले की ती "थू" म्हणायची. सिंदीच्या चौकात धनंजयचं शुभेच्छांचं बॅनर दिसलं की दोनदा म्हणायची. या धनंजयनंच तिच्या सचिनला रशियात फौजेच्या स्वयंपाकघरात काम आहे म्हणून धाडलं होतं. तिथं पोचल्यावर पोराच्या हातात झारा नाही, बंदूक दिली. मग फोनच बंद झाला. दिल्लीला अर्ज केला तर "संबंधित देशाशी बोलणी सुरू आहेत" एवढं गुळगुळीत उत्तर आलं. मोठ्यांची मैत्री जोरात होती, करारांवर सह्या होत होत्या. पोरगं कुठल्या खंदकात पडलंय ते मात्र एकालाही सांगता येत नव्हतं.

कित्येक हिवाळे जिनिंगमध्ये कापूस निवडून तिनं सचिनला आयटीआय शिकवलं होतं. त्याचा निळ्या रेघांचा शर्ट ती अजून धुऊन वाळत घालायची. आल्या आल्या अंगात घालायला हवा ना!

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावात बडग्या निघतो. वर्षाची सगळी पीडा गवताच्या पुतळ्याच्या माथी मारायची आणि त्याला गावाबाहेर नेऊन जाळायचं. यंदाची पीडा होती युद्ध. पोरं बडग्यासाठी जुने कपडे मागायला आली तेव्हा कोकिळाबाई शेतात निंदायला गेली होती. तिचा नवरा अण्णाजी म्हणजे देवमाणूस; त्यानं आपलाच जुना समजून दोरीवरचा शर्ट काढून दिला.

बडग्याच्या दिवशी नाल्यापाशी हातगाडीवर बडग्या उभा होता. हातात पुठ्ठ्याचं रॉकेट, डोक्यावर उपडं टोपलं. "युद्धाले घेऊन जाय रे बडग्या!" पोरं ओरडत होती. पेटता टेंभा धनंजयच्या हातात, कारण बँडबाजा त्याच्यातर्फे होता. ज्यांना सचिनचं सगळं ठाऊक होतं तेही त्याला वाकून नमस्कार करत होते. गावाला लाज म्हणून उरली नव्हती.

कोकिळाबाईनं कॉलरवरचा आपल्या हातचा टाका ओळखला. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. गर्दी लोटत ती हातगाडीवर चढली आणि तिनं बडग्याच्या अंगातून शर्ट ओढून काढला.

"काकू, काय करून राह्यल्या? जुनाच तर शर्ट हाय," धनंजय हसत म्हणाला.

"माया सचिनचा हाय. पोराले आगीत धाडलं ते पुरलं नाई का तुले?"

बँड थांबला. अण्णाजीनं कपाळावर हात मारून घेतला. नुसतं गवत उरलेल्या बडग्याकडे पाहत एक पोरगं म्हणालं, "आता याले काय घालाचं?"

"त्याचा घाला," कोकिळाबाईनं धनंजयकडे बोट दाखवलं. "काढ रे. पीडा कोन हाय ते बडग्याले तरी समजू दे."

कोणी हसलं नाही. सगळे त्याच्या कडक इस्त्रीच्या शर्टाकडे बघत राहिले. धनंजयनं टेंभा शेजारच्याच्या हातात दिला आणि गळ्याजवळचं उघडं बटन लावून घेतलं.